पंतप्रधान, सोफा आणि दहा सह्या

ब्रिटनचा पंतप्रधान हल्ली राष्ट्राध्यक्षासारखा वागू लागला आहे का? या प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं, हे मी मस्कतमध्ये एकवीस वर्षं शिकवलं. माझं पोट या प्रश्नावर भरलं, मुलीचं पुण्यातलं शिक्षण या प्रश्नावर झालं, चिपळूणच्या घरावरचा दुसरा मजलाही यानंच चढवला. तेव्हा खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे मला कळतं. तरी मोजणार आहे. गेली तीन वर्षं हा राग पोटात घेऊन फिरते आहे. दिवाळी अंकात फराळाबरोबर राग वाढायचा नसतो, पण माझ्याकडे सध्या दुसरं काही शिजलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला माझी नोकरी समजायची नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. मस्कतच्या बौशर भागात ब्रिटिश अभ्यासक्रमाची एक खाजगी शाळा आहे. नाव लिहीत नाही. तिथं अकरावी-बारावीच्या वयाची मुलं 'ए लेव्हल' करतात. मी त्यांना राज्यशास्त्र शिकवायचे. वर्गात ओमानी मुलं, मल्याळी, गुजराती, एखादा इजिप्शियन, एखादी फिलिपिनो, शिकवणारी चिपळूणची, आणि शिकवायचं काय, तर लंडनच्या एका घरात बसून एक माणूस राज्य कसं करतो. पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं. पुढे सवय झाली.

प्रश्न साधा आहे. पुस्तकाप्रमाणे पंतप्रधान म्हणजे समानांतला पहिला. मंत्रिमंडळ टेबलाभोवती बसतं, भांडतं, मग एक निर्णय होतो. बाहेर पडल्यावर तो सगळ्यांचा निर्णय. ज्याला पटत नाही त्यानं राजीनामा द्यायचा. आत राहून बाहेर कुरकुर करायची नाही. याला सामूहिक जबाबदारी म्हणतात. राष्ट्राध्यक्षाचं तसं नाही. त्याला लोक थेट निवडतात, त्याचे मंत्री ही त्याची माणसं, आणि ठरलेली वर्षं भरेपर्यंत त्याला हलवणं महाकठीण. आता म्हणणं असं, की ब्रिटनचे पंतप्रधान दुसऱ्याच्या चालीनं चालू लागलेत. निवडणूक चेहऱ्यावर लढायची, टीव्हीवरून थेट लोकांशी बोलायचं, कुणी न निवडलेले सल्लागार जवळ ठेवायचे, चारजणांनी सोफ्यावर बसून निर्णय घ्यायचा आणि मंत्र्यांना नंतर कळवायचं. दुसरी बाजू म्हणते, सोंग कितीही आणा, पक्षानं पाठ फिरवली की पंतप्रधान आठवड्यात घरी जातो. माझ्या एका तुकडीनं तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन पंतप्रधान पाहिले. मी फळ्यावर नाव लिहायचंच सोडून दिलं होतं.

एकदा एक वडील भेटायला आले. सोहार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर, दोन तास गाडी हाकत आलेले. मुलाचा निबंध माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मिस, मुद्दे 'हो'च्या बाजूचेही दिलेत, 'नाही'च्या बाजूचेही दिलेत. उत्तर काय? हो की नाही?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजू तोलायच्या असतात, सर."

"आमच्याकडे व्हॉल्व्ह एकतर उघडा असतो, नाहीतर बंद. अर्धवट असला की स्फोट होतो."

मी तेव्हा स्टाफरूममध्ये हे सांगून सगळ्यांना हसवलं होतं. आज मला वाटतं, तो माणूस बरोबर होता. 

आमच्या शाळेचंही एक मंत्रिमंडळ होतं. दर रविवारी (तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची) शाळा सुटल्यावर अकरा विभागप्रमुख आणि प्रिन्सिपॉल, एक लांब टेबल, समोसे आणि तिकडचा 'करक', म्हणजे घट्ट दुधाचा कडक चहा. जुन्या प्रिन्सिपॉल बाई वेल्सच्या. त्या प्रत्येकाला विचारायच्या. गणिताचे थॉमस सर आणि मी एकदा सव्वा तास भांडलो होतो, शेवटचा तास कुणाचा यावरून. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "दोघं मिळून ठरवा, नाहीतर तो तास मी पीटीला देईन." कंटाळवाणं होतं ते सगळं. पण सोमवारी सकाळी शाळेत जे काही चाललेलं असायचं, ते का चाललंय हे आम्हा अकराजणांना ठाऊक असायचं.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. पन्नाशीच्या आतले, देखणे, बोलण्यात पटाईत. पहिल्या महिन्यात शाळेच्या फाटकावर त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटो लागला. दुसऱ्या महिन्यापासून दर गुरुवारी पालकांच्या मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ जायला लागला. 'माझी शाळा, माझं स्वप्न.' शाळेत काय बदलणार हे आम्हाला पालकांकडून कळायचं. बरोबर त्यांनी दोन सल्लागार आणले होते, जे कुठलाच वर्ग घेत नसत. साहेबांच्या खोलीत करड्या रंगाचा सोफा आला. रविवारची बैठक आधी वीस मिनिटांची झाली, मग पंधरवड्याची, मग 'गरज पडेल तेव्हा'. समोसे तर पहिल्याच महिन्यात बंद झाले.

वर्गात मी तोच धडा शिकवत होते. शम्सा नावाची एक ओमानी मुलगी होती, पहिल्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारताना पेनचं टोपण दातात धरणारी. ती म्हणाली (इंग्रजीत, मी मराठीत देते), "मिस, म्हणजे आपले प्रिन्सिपॉल?"

वर्गात हशा पिकला. मीही हसले. आणि म्हटलं, "आपण ब्रिटनबद्दल बोलतोय."

एकवीस वर्षं मी हे वाक्य ढालीसारखं वापरलं.

आता अबूबकरभाईंविषयी सांगायला हवं. हे आमचे एक्झाम्स ऑफिसर. दापोली तालुक्यातले, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. ए लेव्हलच्या परीक्षेला कोणता मुलगा कोणता पेपर देणार, हे लंडनच्या परीक्षा बोर्डाला महिनोन् महिने आधी कळवावं लागतं. पेपर सीलबंद येतात, ते कपाटात ठेवायचे, ठरल्या मिनिटाला फोडायचे. हे सगळं अबूबकरभाई करायचे. चौदा वर्षांत एक चूक नाही. शाळेत ते माझ्याशी मराठी बोलत, आणि कुणी नसलं की आपली गावाकडची. मस्कतच्या रुवी भागात मी एकटी राहायचे, माझा नवरा आधीच चिपळूणला परतला होता. अबूबकरभाईंचं घर शेजारच्या हमरियात, माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर. त्यांच्या बायकोनं, जुलेखाभाभींनी, मला तापात दोन वेळा भाकरी आणि सुरमईचं कालवण पाठवलेलं आहे. मुलगी इंडियन स्कूलमध्ये नववीत. मराठी बोलताना अडखळायची, म्हणून भाभी मला म्हणायच्या, "मॅडम, तुमी हिला जरा बोलतं करा."

जानेवारीत सोफ्यावर काहीतरी ठरलं. आमच्या विषयाचा शेवटचा पेपर दोन प्रकारचा असतो. एकात ब्रिटनबरोबर अमेरिका, दुसऱ्यात जगाचं राजकारण. माझी पंधरा मुलं अमेरिका शिकत होती, दीड वर्ष. साहेबांच्या सल्लागाराला जग जास्त आकर्षक वाटलं. गुरुवारच्या व्हिडिओत घोषणा झाली, की शाळा आता जगाचं राजकारण शिकवणार. मी पाहिला तो व्हिडिओ. मला वाटलं, पुढच्या वर्षीपासून असेल. कुणालाही असंच वाटेल. मी कुणाला विचारलं नाही, कारण मी रुसले होते. एकोणीस वर्षं विषय शिकवणारीला व्हिडिओतून कळतं, तर बसा म्हणावं.

चार दिवसांनी अबूबकरभाई जिन्यात भेटले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या सब्जेक्टचं काय ते बदलायचं सांगितलंय. तुमच्याशी बोलले असतील ना?"

मी म्हटलं, "माझ्याशी कोण बोलतं? तुमच्या साहेबांनाच विचारा."

"इचारलं. कधीपासून, म्हटलं. तर बोलले, आत्तापासून. लिहून द्या म्हटलं, तर हसले. बोलले, माझ्या शब्दावर भरोसा नाय काय?"

"मग करा ते सांगतात तसं," मी म्हणाले आणि वर्गावर गेले.

जिन्यात दोन मिनिटं थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पुढे मुलांना पेपरांची यादी मिळाली तीही मी पाहिली. यादीत विषय आणि शेजारी पेपराचा कोड. कोडातलं शेवटचं अक्षर मी वाचलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्या नावावर खपवणार नाही.

परीक्षेच्या दिवशी शिक्षकाला आपल्याच विषयाच्या पेपराला आत राहता येत नाही. मी जिमच्या बाहेर व्हरांड्यात उभी होते. नऊ वाजता पेपर वाटले. नऊ वाजून चार मिनिटांनी अबूबकरभाई बाहेर आले.

"मॅडम, शम्सानं हात वर केला. बोलली, हा आमचा पेपर नाही."

मस्कतमध्ये नऊ म्हणजे लंडनमध्ये सकाळचे सहा. बोर्डाच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. मुलांना बाहेर सोडता येईना, मोबाइल देता येईना, माझ्याशी बोलू देता येईना. पंधरा मुलं जिममध्ये एकेका बाकावर बसून राहिली. मध्ये कुणीतरी रडत असल्याचं ऐकू आलं. साहेब आले, दारातून आत पाहिलं, आपल्या सल्लागाराला काहीतरी सांगितलं आणि निघून गेले. अबूबकरभाई फोन लावत राहिले. बारा वाजून गेल्यावर लंडनला माणसानं फोन उचलला, पेपर ईमेलनं आला, त्यांनी तो छापला. मुलांनी पाणी आणि बिस्किटांवर राहून दोन तासांचा पेपर लिहिला. शम्साची एक श्रेणी खाली आली आणि ज्या विद्यापीठात तिची जागा जवळजवळ पक्की होती ती गेली. बाकीच्यांचं कमीअधिक तसंच.

परीक्षेच्या त्याच संध्याकाळी पालकांना व्हिडिओ गेला. साहेब अतिशय गंभीर. 'परीक्षा कार्यालयात झालेली चूक.' माझी शाळा, माझं स्वप्न. चूक मात्र कार्यालयाची!

पालक ऐकेनात. सोहारचे इंजिनिअर तर रोज यायला लागले. त्यांचा धाकटा त्या पंधरांत होता. शेवटी शाळेच्या मालकांनी लेखी खुलासा मागितला. आणि मग, आधीच्या बैठकीनंतर तब्बल तीन महिन्यांनी, आम्हा विभागप्रमुखांना लांब टेबलाशी बोलावणं आलं. टेबलावर एकच कागद. त्यावर लिहिलं होतं: पेपर बदलण्याचा निर्णय विभागप्रमुखांच्या बैठकीत चर्चा होऊन, पुढील वर्षासाठी, एकमतानं घेण्यात आला होता, परीक्षा अधिकाऱ्यानं तो चालू वर्षाला लावला. खाली अकरा नावं आणि अकरा रेघा.

मी म्हटलं, "अशी चर्चा झालीच नव्हती."

साहेब माझ्याकडे वळले. रागानं नाही, अगदी गोड हसून म्हणाले, "सामूहिक जबाबदारी हा धडा तुम्हीच शिकवता ना?"

टेबलाभोवती दोघंतिघं हसले. खरंच हसले.

मी एकोणीस वर्षं शिकवत होते की पटत नसेल तर राजीनामा द्यायचा. निवृत्तीला दोन वर्षं होती. मुलीचं शेवटचं वर्ष. तिथं नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं, हे सगळे जाणतात. ते कुणाला बोलून दाखवावंही लागत नाही. कागद फिरत आला. माझ्या आधी थॉमस सर होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि सही न करता माझ्याकडे सरकवला.

"थॉमस?" साहेब म्हणाले.

"मी त्या बैठकीला नव्हतो, सर," थॉमस सर म्हणाले. "कारण ती झाली नाही."

मी सही केली.

थॉमस सरांचीही दोन मुलं शिकत होती. त्यांचाही व्हिसा याच शाळेचा होता. मी सहा महिने वाट पाहिली, त्यांचं काय होतं ते. काही झालं नाही. त्यांचा करार नेहमीप्रमाणे वाढवून मिळाला. मी ज्याला घाबरले होते, ते येणारच नव्हतं!

अबूबकरभाईंना जूनअखेर काढलं. ते ऑगस्टपर्यंत हमरियात होते. सामान विकत होते, मुलीचे दाखले काढत होते, दहावीच्या वर्षात शाळा बदलायची म्हणून इंडियन स्कूलचे उंबरे झिजवत होते. हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं. दहा मिनिटांची वाट. मी गेले नाही. बाजारातही दुसऱ्या गल्लीनं जायचे.

निकालानंतर शम्सा शाळेत आली होती. पुन्हा परीक्षेला बसायचा अर्ज भरायला. मला म्हणाली, "मिस, मीटिंगमध्ये कुणीच नाही म्हणालं नाही?"

"थॉमस सर म्हणाले."

पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही. चांगल्या घरची मुलगी. अर्जावर माझी सही लागत होती, तीही मी केली.

साहेबांचं काय झालं, हे ऐकायची वाचकाला उत्सुकता असेल. जे तिकडे ब्रिटनमध्ये होतं तेच झालं. वर्षभरात पालकांनी मुलं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि साहेबांचे दोन सल्लागारच एका सकाळी त्यांच्याविरुद्ध मालकांकडे गेले. गुरुवारी साहेब होते, रविवारी नव्हते. फाटकावरचा फोटो दोन कामगारांनी 'यल्ला, यल्ला' (चला, चला) करत अर्ध्या तासात उतरवला. स्टाफरूममध्ये केक कापला गेला. मी खाल्ला नाही, एवढं मात्र केलं. नव्या प्रिन्सिपॉल बाई आल्या. त्यांनी खुलासा बदलला नाही, अबूबकरभाईंना बोलावलं नाही, रविवारची बैठक सुरू केली नाही. सोफा ठेवला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता येतं, आणि ते पुस्तकात नाही. पंतप्रधान राष्ट्राध्यक्ष झाले असते तर एक वेळ चाललं असतं. निदान कुणाची गचांडी धरायची ते तरी कळलं असतं. पण हे लोक निर्णय घेताना एकटे असतात आणि उत्तर द्यायची वेळ आली की त्यांना टेबलाभोवतीची माणसं आठवतात. बोलायला राष्ट्राध्यक्ष, लपायला मंत्रिमंडळ. आणि हे सोंग त्यांना एकट्याला कधीच वठवता येत नाही. त्याला सह्या लागतात. सह्या करणारी शहाणी, शिकलेली, धडा पाठ असलेली माणसं लागतात. निबंधात मी मुलांकडून पंतप्रधानाबद्दल चार-चार पानं लिहून घेतली. टेबलाशी गप्प बसलेल्या मंत्र्याबद्दल एक ओळ कधी मागितली नाही.

मी गेल्या वर्षी निवृत्त होऊन चिपळूणला आले. आणखी चार महिने धीर गोळा केला आणि दापोलीची एसटी धरली. अबूबकरभाईंचं गाव खाडीकाठी. त्यांनी घराच्या पडवीत एक प्रिंटर मांडलाय. लोकांचे सरकारी अर्ज भरून देतात. दोन माणसं वाट पाहत बसली होती. मला पाहून ते उठले, खुर्ची पुसून दिली. खिशात तीन रंगांची पेनं होतीच. मुलगी आतून सलाम करून गेली. दहावी एक वर्ष उशिरा झाली, तिच्याहून लहान पोरांबरोबर बसून. मराठी आता अडखळत नाही, म्हणाले.

दोन माणसांचे अर्ज होईपर्यंत मी बसले. मग म्हटलं, "अबूबकरभाई, त्या कागदावर माझी सही होती."

"ठाऊक हाय, मॅडम. काढताना ऑफिसात मला दाखवला ना कागद." ते प्रिंटरमधली पानं सारखी करत होते. "दहा सह्या होत्या. नऊ जणांचं मला काय वाटलं नाय."

त्यांनी मला चहा दिला आणि हवापाण्याचं विचारायला लागले, मस्कतला यंदा उन्हाळा कसा होता वगैरे. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं.

निघताना मी म्हटलं, "मी हे सगळं लिहिणार आहे. काय झालं ते, जसं झालं तसं. शाळेच्या मालकांना कळवणार, आणि छापूनही देणार."

जुलेखाभाभी इतका वेळ दारामागे होत्या. त्या पहिल्यांदा बाहेर आल्या, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"लिवा की," त्या म्हणाल्या. "आता तुमचा पण व्हिसा खलास झालाय."

मालकांना पत्र पाठवलं, त्याचं उत्तर नाही. कबूल केलेलं दुसरं काम हा लेख. उशिरा लिहिला आहे, आणि फुकटात, काही न गमावता.